पेशी मेली, पण कुणाची?

‘कण्हेरीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी नष्ट’, ‘बिट्टीच्या बियांत कॅन्सरवरचं औषध’ अशा धाटणीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि मग कितीतरी दिवस व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. त्यांच्यामागचा प्रयोग बहुधा खरा असतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सरपेशींवर असा अर्क टाकला की त्या मरतात, हे कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून बघता येईल. घोटाळा होतो तो त्यातून काढलेल्या निष्कर्षात. कण्हेर, बिट्टी, रुई यांच्यातली ही द्रव्यं कार्डियाक स्टेरॉइड नावाच्या कुळातली आहेत, आणि या कुळाच्या बाबतीत ‘पेशी मेली’ एवढंच सांगणं म्हणजे काहीच न सांगणं आहे. ती पेशी कोणत्या प्राण्याची होती आणि किती मात्रेला मेली, या दोन गोष्टी सांगितल्या तरच त्या वाक्यातून काही हाती लागतं. हे ठासून सांगायला कारणं दोन. गेल्या सत्तर वर्षांत याच द्रव्यांच्या मदतीनं पेशीच्या आतल्या व्यवहाराविषयी जे कळलं, ते ‘चमत्कारी वनस्पती’च्या मथळ्याखाली गाडलं जावं हे मला पटत नाही. आणि बातमीवर विसंबून कोणी घरी काढा उकळला, तर माणूस हातचा जातो.

हे कूळ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. महामार्गांच्या दुभाजकांवर फुलणारी गुलाबी-पांढरी कण्हेर, शंकराला वाहायची पिवळी बिट्टी, मारुतीच्या माळेतली रुई, उन्हाळ्याच्या अखेरीस माळावर वर येणारा रानकांदा, कुंडीत सहज वाढणारी पानफुटी, या सगळ्यांत कमी-अधिक प्रमाणात ही द्रव्यं असतात. युरोपात फॉक्सग्लोव्हच्या पानांत ती सापडली, आफ्रिकेत बाणांना लावायच्या विषात वाबेनच्या रूपात, चीनमध्ये भेकाच्या कातडीतल्या स्रावात बुफालिनच्या रूपात. दम्यासाठी किंवा व्यायामशाळेत घेतली जाणारी स्टेरॉइडं यांच्याहून वेगळी. सांगाडा मिळताजुळता, काम निराळं. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्हवर पुस्तक लिहिलं, त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी आहेत. त्या पुस्तकाचं खरं मोल त्यातल्या एका सूचनेत आहे. लघवी वाढली, मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली किंवा पोट बिघडलं, यांतलं काहीही पहिल्यांदा दिसताच औषध थांबवा, असं ते सांगतात. उपकार आणि अपाय यांच्यामधली जागा किती चिंचोळी आहे, हे त्यांना रुग्णांच्या खाटेजवळ बसून कळलं होतं. आजही आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत डिगॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची इवलीशी गोळी असते आणि तिच्यापुढे पुष्कळदा ‘आठवड्यातून पाच दिवस’ असं लिहिलेलं असतं. दोन दिवसांची ती सुट्टी औषध अंगात साचू नये म्हणून असते. मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी या औषधाचा निम्मा भाग बाहेर पडायला दीड दिवस लागतो, आणि वय झालं, मूत्रपिंडं थकली की त्याहून कितीतरी जास्त.

ही द्रव्यं पेशीवर नेमकी कुठे बसतात, हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे काम अहोरात्र चालतं, आणि विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातच जातो. १९५३ साली हान्स शात्झमान यांनी दाखवलं की ही द्रव्यं लाल रक्तपेशींमधली सोडियम-पोटॅशियमची ही ने-आण थांबवतात. १९५७ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे येन्स स्को यांना खेकड्याच्या पायांच्या चेतातंतूंमध्ये सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतानाच जोमानं एटीपी मोडणारं एक एन्झाइम सापडलं. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या एका परिषदेत रॉबर्ट पोस्ट यांच्याकडून त्यांना वाबेनच्या गुणाविषयी समजलं. त्यांनी तिथूनच प्रयोगशाळेत फोन करून खेकड्याच्या एन्झाइमवर वाबेन टाकून बघायला सांगितलं. एन्झाइम थांबलं, आणि पंप व एन्झाइम एकच असल्याचं उलगडलं. या शोधासाठी स्को यांना १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हृदयाला या द्रव्यांचा फायदा होतो तोही यातूनच. पंप थोडा मंदावला की पेशीत सोडियम किंचित वाढतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकण्याचा वेग घटतो, आणि वाढलेल्या कॅल्शियमच्या बळावर हृदयाचा स्नायू जोरानं आकुंचन पावतो. हेच कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेलं की ठोक्यांची लय बिघडते. म्हणजे गुण आणि दोष एकाच यंत्रणेची दोन टोकं आहेत, आणि दोष टाळून नुसता गुण घेण्याची सोय इथे नाही.

इथवरची गोष्ट औषधशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षं आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बदलायला लागली. अमेरिकेतल्या टोलेडो इथे झिजियान शिये आणि आमिर अस्करी यांच्या गटाला दिसलं की पंप फारसा अडलेला नसतानाही, अगदी थोड्या वाबेननं, हृदयाच्या पेशींत संदेशांची साखळी सुरू होते. सार्क नावाचं एन्झाइम जागं होतं, वाढीचे संप्रेरक-संदेश झेलणारा एक ग्राही कामाला लागतो, आणि पुढे पेशीच्या केंद्रकातली वाढीची जनुकं चालू होतात. स्टॉकहोममध्ये अनिता अपेरिया यांच्या गटाला मूत्रपिंडाच्या पेशींत अल्प वाबेननं कॅल्शियमच्या संथ, ठरावीक अंतरानं येणाऱ्या लाटा दिसल्या. त्या लाटा पेशीला मरणाकडे ढकलत नव्हत्या, उलट तिचा बचाव करत होत्या. आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशी तर जेमतेम ३ नॅनोमोलर वाबेनला भराभर वाढू लागल्या, आणि निरोगी मूत्रपिंडाच्या पेशींवर त्याच मात्रेचा तसा परिणाम दिसला नाही. या संशोधनात मतभेद आहेत. सार्क पंपाला थेट चिकटलेलं असतं असं शिये यांचं म्हणणं. पंप थांबल्यानं वाचलेल्या एटीपीमुळे सार्कचा तोल बदलतो, असं इतरांचं. शरीर स्वतःच वाबेनसारखं द्रव्य बनवतं की नाही, यावरही १९९१ पासून वाद चालू आहे. पण वाद कोणत्याही बाजूनं सुटला तरी मूळ निरीक्षण टिकून राहतं. जे द्रव्य भरपूर दिलं तर पेशी मारतं, तेच थोडं दिलं तर काही पेशींना वाढायला सांगतं. कॅन्सरवरचं औषध शोधणाऱ्यानं हे वाक्य टेबलासमोर लावून ठेवावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आता मरणाची बाजू. ‘या द्रव्यानं अमुक प्रथिन घटलं, म्हणून कॅन्सरपेशी मेली’ अशा शोधनिबंधांची रांगच लागलेली आहे. कुठे ऑक्सिजन कमी पडल्यावर गाठीला तगवणारं एचआयएफ-१ घटलेलं असतं, कुठे पेशीला मरणापासून वाचवणारं एमसीएल-१, तर कुठे पी-५३, जे खरं तर कॅन्सरला आवर घालणारं प्रथिन. प्रत्येक निबंधात ‘लक्ष्य’ वेगळं. २००९ साली ऑस्ट्रियातल्या एका गटानं या कोड्याचं जे उत्तर दिलं ते मला सर्वांत पटणारं वाटतं. पेशीत प्रथिनं बनवायला पोटॅशियम लागतं. पंप बंद पडला की पोटॅशियम गळून जातं आणि सगळ्याच प्रथिनांचं उत्पादन थांबतं. मग ज्या प्रथिनांचं आयुष्य मुळातच मिनिटांचं किंवा तासा-दोन तासांचं असतं, ती आधी संपतात, आणि नेमकी तीच मोजली तर प्रत्येकाला आपापलं लक्ष्य सापडल्यासारखं वाटतं. इमारतीचा मेन स्विच पाडला की लिफ्टही थांबते, पाण्याचा पंपही आणि जिन्यातला दिवाही. म्हणून तो स्विच लिफ्टचा ठरत नाही. यातून एक कडक निष्कर्ष निघतो. सगळ्या पेशींचं प्रथिन-उत्पादन थांबवणारं द्रव्य कॅन्सरपेशीला ओळखून मारतं, असं म्हणण्याआधी शेजारच्या निरोगी मानवी पेशीचं काय झालं हे दाखवावंच लागेल. आणि मरणाचा एकच प्रकार आहे असंही नाही. बेथ लेव्हिन यांच्या गटानं २०१३ साली पेशी स्वतःलाच पचवत मरते अशा एका प्रकाराचं वर्णन केलं. तो प्रकार रोखणारी द्रव्यं शोधताना हाती लागली ती हीच कार्डियाक स्टेरॉइडं. मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये ज्या द्रव्यानं इजा कमी केली ते नेरीफोलिन, म्हणजे आपल्या बिट्टीतलंच. एकच कूळ पेशीला वाढवतंही, मारतंही आणि मरणापासून वाचवतंही. कोणत्या वेळी काय, ते मात्रा आणि पेशीची अवस्था ठरवते.

सर्वांत मोठी फसगत मात्र प्राण्यांच्या प्रयोगांत होते, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं. उंदराच्या बहुतेक पेशींत असणारा पंपाचा मुख्य प्रकार या द्रव्यांना दाद देत नाही. माणसाच्या पंपाला थोपवायला जेवढं पुरतं, त्याच्या शेकडो ते हजारपट मात्रा उंदराच्या पंपाला लागते. याचं कारणही माहीत आहे. १९८८ साली प्राइस आणि लिंग्रेल यांनी दाखवलं की पंपाच्या हजारभर अमिनो आम्लांच्या साखळीतल्या दोनच जागा, १११वी आणि १२२वी, हा फरक घडवतात. त्या दोन जागा बदललेला मेंढीचा पंप माणसाच्या पेशींत घातल्यावर त्या वाबेनमध्येही तगल्या. निसर्गानं हीच युक्ती दुसरीकडेही वापरलेली आहे. रुईच्याच कुळातल्या मिल्कवीडची विषारी पानं खाऊन वाढणाऱ्या अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या पंपातही १२२वी जागा बदललेली आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या जनुकात १११, ११९ आणि १२२ या जागांवर मोनार्कसारखे बदल केले, तेव्हा साधी फळमाशीही वाबेन पचवू लागली. आपल्याकडे रुईच्या झुडपावर काळे-पिवळे पट्टे असलेली जी अळी निवांत पानं कुरतडताना दिसते, ती मोनार्कच्याच जवळच्या नात्यातल्या फुलपाखराची. या कुळाच्या द्रव्यांचा मुख्य परिणाम पंपामार्फतच होतो याचा याहून सुबक पुरावा शोधून सापडणार नाही.

आता हा पुरावा कॅन्सरच्या नेहमीच्या प्रयोगाला लावून बघा. उंदराच्या कातडीखाली माणसाची गाठ रुजवतात, मग औषध टोचतात. गाठ लहान होते, उंदीर मजेत हिंडत असतो, आणि निबंधात लिहिलं जातं की द्रव्यानं निवडून फक्त कॅन्सरपेशी मारल्या, निरोगी पेशींना धक्का लागला नाही. पण त्या उंदरात माणसाचा पंप असलेली एकमेव जागा म्हणजे ती गाठ! भोवतालच्या पेशी निरोगी आहेत म्हणून वाचल्या नाहीत, त्या उंदराच्या आहेत म्हणून वाचल्या. तिथे कॅन्सरच्या गाठीऐवजी माणसाच्या निरोगी यकृताचा तुकडा रुजवला असता तर त्याचीही अशीच गत होण्याचा धोका होता. कॅन्सरसाठी या द्रव्यांची शिफारस करणाऱ्या निबंधांपैकी कितीतरी याच मांडणीवर उभे आहेत. म्हातारलेल्या पेशी वेचून मारणारी औषधं म्हणून २०१९ साली या द्रव्यांचा नव्यानं गाजावाजा झाला, तिथेही उंदरांवरचे निकाल वाचताना हाच प्रश्न विचारायला हवा. प्रयोगशाळेतल्या जाणकारांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. पण निबंधाच्या सारांशात, विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात आणि मग बातमीत उतरताना ही अट वाटेत गळून पडते.

दुसरी गळणारी गोष्ट म्हणजे आकडा. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन देताना रक्तातली पातळी मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ठेवतात. ६,८०० रुग्णांवरच्या डिग या मोठ्या चाचणीतल्या पुरुष रुग्णांची २००३ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ०.५ ते ०.८ पातळी असलेल्यांमध्ये मृत्यू कमी आणि १.२ किंवा त्याहून वर असलेल्यांमध्ये जास्त दिसले. २ च्या पुढे तर विषबाधेची भीती असते. आता एचआयएफ-१ घटल्याच्या प्रसिद्ध प्रयोगातली बशी बघा. तिथे १०० नॅनोमोलर डिगॉक्सिन वापरलं होतं. रेणूभाराचा हिशेब केला तर ते मिलिलिटरमागे सुमारे ७८ नॅनोग्रॅम होतं, म्हणजे रुग्णाला सोसेल त्या पातळीच्या जवळजवळ शंभरपट. बशीतल्या पेशीला हृदय नसतं, त्यामुळे ठोक्यांची लय चुकून ती मरत नाही. रुग्णाच्या गाठीपर्यंत तेवढं औषध पोचण्याच्या कितीतरी आधी त्याचं हृदय बंद पडेल. हा साधा गुणाकार आहे. रसायनशास्त्र शिकणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला तो जमतो, आणि तरीही अशा बातम्यांत तो छापलेला जवळपास कधीच दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो माणसांवरच्या पुराव्याचा. स्वीडनमध्ये स्टेनक्विस्ट यांनी १९८०च्या सुमारास नोंदवलं होतं की हृदयासाठी डिजिटॅलिस, म्हणजे फॉक्सग्लोव्हपासूनचं औषध, घेणाऱ्या स्त्रियांचा स्तनाचा कॅन्सर कमी आक्रमक असतो आणि कमी वेळा उलटतो. २०११ साली अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत डिगॉक्सिन घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. हे दाखले मी हलक्यानं घेत नाही. साध्या पातळीलाही या औषधाचा गाठीवर काही परिणाम होत असावा, अशी शंका त्यांनीच जागी ठेवली आहे. पण त्याच २०११ साली डेन्मार्कमधल्या नोंदींत डिगॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३९ टक्के जास्त निघाला. एकाच औषधाचे दोन अवयवांत दोन उलट कल दिसतात. मारक द्रव्याच्या कल्पनेत हे बसत नाही, संदेश बदलणाऱ्या द्रव्याच्या कल्पनेत बसू शकतं. शिवाय अशा पाहण्यांत रुग्णांचं वय, हृदयविकार, इतर औषधं यांची सरमिसळ असतेच. प्रत्यक्ष चाचण्यांचं काय झालं तेही बघू. तुर्कस्तानातून पुढे आलेल्या कण्हेरीच्या अर्काची प्राथमिक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली, त्यात एकाही रुग्णाची गाठ मोजण्याइतकी आकसली नाही. कण्हेरीचाच दुसरा अर्क स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकला नाही. भेकापासून केलेलं चिनी औषध त्याच कॅन्सरमध्ये नेहमीच्या औषधाला जोडून दिलं, तरी निकाल सुधारला नाही. बशीत जी द्रव्यं इतकी जोरकस, ती रुग्णात इतकी फिकी का पडावीत? मात्रेची आणि प्रजातीची अट पुन्हा वाचली की याचं उत्तर मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. केमोथेरपीची बहुतेक सगळीच औषधं विष असतात, मग याच विषाला एवढे प्रश्न का? हे खरं आहे, आणि म्हणूनच फरक नीट बघावा लागतो. नेहमीची केमोथेरपी मुख्यतः विभागणाऱ्या पेशींना गाठते. हाडांतला मगज, केसांची मुळं, आतड्याचं अस्तर यांना त्याची झळ लागते, पण दोन-तीन आठवड्यांच्या अंतरात ती सावरतात, आणि डॉक्टर ते अंतर ठरवूनच मात्रा देतात. पंप मात्र विभागणाऱ्या आणि न विभागणाऱ्या अशा प्रत्येक पेशीत आहे, आणि त्याच्यावर सर्वांत विसंबून आहेत ते हृदय आणि मेंदू. मगज सावरायला दहा दिवस मिळतात, हृदयाला काही मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून इथे ‘रुग्णाला झेपेल तेवढं जास्त द्या’ हा केमोथेरपीचा जुना मार्ग बंद आहे. कोणी रसायनशास्त्रज्ञ या रेणूंतला साखरेचा भाग बदलून, किंवा गाठीजवळच उघडेल असं आवरण घालून हा मार्ग उघडून दाखवणार असेल, तर त्याचं स्वागतच करायला हवं. पण ते नवं औषध असेल. कण्हेरीच्या पानात ते आयतं मिळत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला. आयुर्वेदात करवीर आणि अर्क शतकानुशतकं आहेत, मग भीती कसली? मला वाटतं, आयुर्वेदाचा आधार घेणारेच इथे आयुर्वेद अर्धवट वाचतात. ग्रंथांनी करवीराला आणि अर्काला उपविषांत गणलं आहे आणि वापराआधी शोधनाची प्रक्रिया सांगितली आहे. आपल्या औषध नियमांतल्या ‘ई-१’ अनुसूचीतही ही दोन्ही नावं विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि ती असलेलं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. परंपरेनं सावधगिरी शिकवली आणि कायद्यानं ती लिहून ठेवली. मोबाइलवर फिरणारी पाककृती दोन्हींना डावलते. झाडागणिक, ऋतूगणिक, मुळापासून बीपर्यंत या द्रव्यांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे घरच्या काढ्यात पाव मिलिग्रॅम मोजण्याची सोयच नाही. बिट्टीच्या बियांची विषबाधा काय करते ते श्रीलंकेनं भोगलं आहे. १९८०च्या दशकापासून तिथे हजारो माणसं या विषबाधेनं रुग्णालयांत आली. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे हा त्यावरचा उतारा परिणामकारक असल्याचं तिथल्याच डॉक्टरांनी चाचणी घेऊन सिद्ध केलं, पण त्याची किंमत गरीब देशांच्या आवाक्याबाहेरच राहिली. २०२०च्या कोविडकाळात कण्हेरीतलं ओलिअँड्रिन पूरक आहार म्हणून विकण्याची खटपट अमेरिकेत झाली आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ती मान्य केली नाही. ते झालं नसतं तर घराघरांत काय झालं असतं, याचा विचारही नकोसा वाटतो.

शेवटचा आक्षेप असा की स्वस्त, पेटंट संपलेल्या औषधांत कंपन्यांना रस नसतो, म्हणून चांगल्या गोष्टी अशाच पडून राहतात. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर सार्वजनिक संस्थांनी द्यायचं असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ते दिलेलं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेनसारखं साधं भूलऔषध टोचण्याची कल्पना राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अनेक केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांमध्ये तपासली. २०२३ साली निकाल आले. पाच वर्षं हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. नीट आखलेली चाचणी झाली की स्वस्त औषधालाही न्याय मिळतो. कार्डियाक स्टेरॉइडांच्या बाबतीत अशी एक वाट दिसू लागली आहे. स्वित्झर्लंडमधल्या निकोला आचेतो यांच्या गटानं २०१९ साली दाखवलं की रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशींचे पुंजके सुट्या पेशींपेक्षा रोग पसरवण्यात जास्त पटाईत असतात, आणि पंप मंदावणारी द्रव्यं त्या पुंजक्यांमधली वीण सैल करतात. २०२५ साली पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या नऊ रुग्णांना त्यांनी हृदयविकारात वापरतात त्याच पातळीचं डिगॉक्सिन दिलं, आणि पुंजके सरासरी दोनेक पेशींनी लहान झाले. नऊ रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि त्यांचं आयुष्य वाढलं असा दावा कोणीही केलेला नाही. पण प्रयोगाची दिशा मला योग्य वाटते. त्यांनी पेशी मारायचा आग्रह सोडला, माणसाला सोसणारी मात्रा आधी ठरवली, आणि त्या मात्रेला पेशींच्या आपसातल्या संबंधांत काय बदलतं एवढंच विचारलं. त्याच वर्षी डिजिटॉक्सिन या डिगॉक्सिनच्या भावंडाची हृदयविकारातली जर्मन चाचणी प्रसिद्ध झाली. बाराशेहून अधिक रुग्णांत, जपून ठरवलेल्या लहान मात्रेला, मृत्यू किंवा हृदयविकारासाठी भरती होणाऱ्यांचं प्रमाण ४४.१ वरून ३९.५ टक्क्यांवर आलं. दोन्हीकडे मात्रा कमी ठेवली, म्हणून काहीतरी हाती लागलं.

आपल्याकडच्या फार्मसी आणि जैवतंत्रज्ञान महाविद्यालयांत दरवर्षी वनस्पतींचे अर्क कॅन्सरपेशींवर टाकून प्रबंध होतात. कण्हेर, बिट्टी, रुई, रानकांदा यांच्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकांनी तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, असं मला वाटतं. कॅन्सरपेशीशेजारी माणसाची निरोगी पेशी ठेवा. उंदराचा पंप घातलेली तीच मानवी पेशीही ठेवा, म्हणजे मरण पंपामुळे आलं की दुसऱ्या कशामुळे ते लगेच कळेल. आणि परिणाम करणारी मात्रा रक्तात सोसणाऱ्या पातळीच्या कितीपट आहे ते पहिल्याच पानावर लिहा. प्रसिद्धिपत्रक काढणाऱ्या विद्यापीठांनी आणि ते छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी हे तीन तपशील नसतील तर बातमी थांबवून ठेवावी. प्राण्यांपर्यंत जायचं असेल, तर पंपाचा मुख्य प्रकार बदलून माणसासारखा संवेदनशील केलेले उंदीर लिंग्रेल यांच्याच प्रयोगशाळेनं कधीच तयार केलेले आहेत. पुढचा प्रयोग त्या उंदरांवर व्हावा, आणि गाठ किती आकसली व उंदीर किती दिवस जगला, हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले जावेत.